जुने अ‍ॅल्युमिनियमचे शिकारी बाण: कोणते मारायचे, कोणते बाजूला ठेवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांच्या सामानात अ‍ॅल्युमिनियमचे अकरा शिकारी बाण सापडले. नळ्या नारिंगी, त्यांवर 'एक्सएक्स७५' आणि '२११७' असं छापलेलं. पिसांच्या जागी पिवळट पडलेले प्लास्टिकचे व्हेन आहेत आणि तीन बाणांना ब्रॉडहेड (शिकारीची धारदार पात्यांची टोकं) अजून तसेच लावलेले आहेत. बाण चाळीसेक वर्षांचे असावेत. धनुष्य ५० पौंडी (ओढायला एवढा जोर लागणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. हे बाण अजून मारता येतील का, की भिंतीवर लावून ठेवावेत?

आधी सरळ उत्तर देतो. नळ्यांपैकी बऱ्याचशा मारण्याजोग्या निघतील. नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची दोरीत बसणारी खाच, मात्र एकही चालणार नाही. त्यामुळे यातला कुठलाही बाण आज आहे तसा दोरीला लावू नका, 'एकच मारून बघतो' असंसुद्धा करू नका. जुने बाण तपासून, दुरुस्त करून पुन्हा चालते करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या कामात जो घोळ होतो तो जवळजवळ नेहमी एकाच समजुतीमुळे होतो. माणूस आख्ख्या बाणाचं एकच वय धरतो. बाणाची नळी, नॉक, व्हेन, डिंक आणि टोक या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या वेगांनी म्हाताऱ्या होतात. नळी सगळ्यांत उशिरा, प्लास्टिक सगळ्यांत आधी.

नळीपासून सुरुवात करू, कारण जीव तिच्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या डग ईस्टन यांनी १९२२ मध्ये धनुष्यबाण बनवायला सुरुवात केली तेव्हा बाण लाकडाचे होते. एकाच झाडाच्या दोन काठ्या वजनाला आणि लवचिकतेला सारख्या मिळत नाहीत, हे त्यांचं दुखणं होतं. त्यावर उपाय म्हणून १९३९ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे बाण केले आणि १९४१ मध्ये लॅरी ह्यूज यांनी त्याच बाणांनी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, '२४एसआरटी-एक्स' हा त्यांचा पहिला नाममुद्रा असलेला शाफ्ट (बाणाची नळी) आला आणि १९५८ मध्ये एक्सएक्स७५. तुमच्याकडे आहेत ते याच घराण्यातले.

नावातले '७५' हे ७०७५ या मिश्रधातूवरून आले आहेत. जस्ताचा अंश मोठा असलेलं हे अ‍ॅल्युमिनियम आल्कोआने १९४३ मध्ये विमानांसाठी बाजारात आणलं. ईस्टन या शाफ्टची ताणशक्ती चौरस इंचाला ९६,००० पौंड सांगते, म्हणजे साध्या पोलादापेक्षा जास्तच. ती नुसत्या मिश्रणामुळे येत नाही. धातू आधी उष्णतेने पक्का करतात आणि मग थंड असतानाच ओढून नळी बारीक करतात. हे लक्षात ठेवा, पुढे तापवण्याच्या मुद्द्याला लागेल.

आता चाळीस वर्षांत या नळीचं काय होतं? नुसती पडून राहिली असेल तर काहीच नाही. ती मऊ पडत नाही, कडक होत नाही, वाकत नाही. लाकडी बाण कोपऱ्यात तिरका उभा ठेवला की हवेतल्या ओलीने हळूहळू बाक धरतो, तसलं इथे नाही. बाण किती लवतो, ज्याला स्पाइन म्हणतात, ते धातूच्या मूळ ताठपणावर आणि नळीच्या मापावर ठरतं आणि ही दोन्ही काळाने बदलत नाहीत. म्हणून जुन्या २११७ चं स्पाइन आजही नव्या २११७ इतकंच भरतं. तुमच्या स्पाइनच्या तक्त्यात २११७ समोर ०.४०० (लवण इंचांत) असेल तर तोच आकडा धरून चला.

चार आकड्यांचा अर्थ सांगतो, कारण पुष्कळांना तो मॉडेल नंबर वाटतो. पहिले दोन म्हणजे बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन म्हणजे भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. २११७ म्हणजे २१/६४ इंच, सुमारे ८.३ मिलिमीटर व्यास आणि ०.०१७ इंच, सुमारे ०.४३ मिलिमीटर भिंत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. एवढ्या पातळ पत्र्याची नळी पन्नास पौंडांचा धक्का हजारो वेळा सोसते ती केवळ गोल आणि सरळ असते म्हणून. गोलाई किंवा सरळपणा गेला की हिशेब बदलतो. माझ्या हातून गेलेल्या जुन्या बाणांत २०२० आणि २२१९ सगळ्यांत चिवट निघाले, कारण त्यांच्या भिंती जाड आहेत. २११७ मधला म्हणता येईल. सांभाळला तर छान टिकतो, हलगर्जीपणा केला तर पोचा पडतो.

बाण खरोखर अ‍ॅल्युमिनियमचाच आहे ना, याची एकदा खात्री करून घ्या. तुमच्या नळीवर छापलेलं आहे म्हणून प्रश्न नाही, पण अशा जुन्या गठ्ठ्यात फायबरग्लासचेही एकदोन बाण मिसळलेले सापडतात. अ‍ॅल्युमिनियम हाताला गार लागतं आणि टिचकी मारली की धातूसारखं वाजतं. फायबरग्लास बद्द वाजतो, आणि त्याच्या काचेच्या बारीक कुसळांनी हात भरतो. त्याची तपासणी निराळी, त्यात आज शिरत नाही.

आता नॉक. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण धोका इथे आहे.

तुमच्या बाणाचं मागचं टोक बघा. त्या काळच्या नळ्यांचं शेपूट कारखान्यातच दाबून शंकूसारखं निमुळतं केलेलं असे आणि त्या शंकूवर प्लास्टिकचा नॉक डिंकाने चिकटवत. आजच्यासारखा आत बसणारा, ओढून काढता येणारा नॉक त्यात नसे. ते प्लास्टिक चाळीस वर्षं ऊन, उष्णता आणि हवा खात राहिलं आहे. वरून ते धडधाकट दिसतं, रंगही टिकलेला असतो. पण अंगठा आणि बोटाच्या नखांनी नॉकचे दोन कान जरा फाकवून बघा. नवा नॉक लवतो आणि परत येतो. जुना टचकन तुटतो, आणि तुटलेली कड भाजलेल्या पापडासारखी कोरडी, दाणेदार दिसते.

दोरी सुटते त्या क्षणी धनुष्याचा सगळा जोर या दोन कानांच्या मधल्या खाचेवर येतो. खाच तिथे फुटली तर बाण दोरीवरून निसटतो आणि धनुष्य रिकामं सुटतं. जी शक्ती बाणाने घेऊन जायची ती लिम्ब (धनुष्याचे लवणारे हात) आणि दोरी यांच्यातच फिरते. माझ्याबाबतीत हे एकदा घडलं आहे. जुन्या बाणांचा एक सुंदर संच हातात आला होता, नॉक बघितले, बरे वाटले, आणि घाईत मारले. तिसऱ्या बाणाला ताडकन आवाज झाला. दोरी लिम्बच्या टोकावरून उतरून मनगटावर बसली, बाण चार हातांवर आडवा पडला आणि वरच्या लिम्बच्या थरांमध्ये बोटभर लांब फट दिसली. नॉकचा एक कान मला सापडलाच नाही. डोळ्यांत गेला नाही, हे नशीब. त्या दिवसापासून माझ्याकडे जुना बाण आला की नॉक तपासत बसत नाही, थेट काढतो.

काढायचा कसा? पक्कडीने धरून पिळा, बहुतेक नॉक तुकडे होऊन सुटतात. उरलेलं प्लास्टिक बोथट चाकूने शंकूच्या उताराच्या दिशेने खरवडा. आडवी धार लावू नका, शंकूवर उठलेली आडवी ओरखड म्हणजे पुढे चिरेला दिलेलं आमंत्रण. शंकू उघडा झाला की भिंगाखाली नीट बघा. तो तिरका बसलेला, चपटा झालेला किंवा चिरलेला असेल तर तो बाण संपला. शंकू कापून आजचं बुशिंग (आत बसणारा नॉक धरणारी कडी) बसवता येतं, पण मग बाणाची लांबी कमी होते आणि ताठपणा वाढतो. अकरांतल्या दोनतीन बाणांसाठी हा उद्योग करू नका, संच जमणार नाही.

नवे डिंकाने लावायचे नॉक आजही मिळतात. ते वेगवेगळ्या मापांत येतात, म्हणून शंकूचं माप घेऊन मगच मागवा. शंकू स्पिरिटने पुसा, डिंकाचा एक थेंब लावा, नॉक फिरवत बसवा आणि सुकायच्या आत बाण फिरवून तो डगमगत नाही ना ते बघा. नॉक अर्धा अंश जरी कलला तरी बाण दर वेळी वेगळीकडे जातो आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. दोरीवर नॉक किती घट्ट बसावा? बाण दोरीला लावून धनुष्य आडवं धरा, बाण खाली लोंबकळू द्या. तो आपणहून पडू नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटावा. तुमच्या काकांची दोरी बहुधा जाड डॅक्रॉनची असणार, आजची बरीच बारीक असते, त्यामुळे जुन्या मापाच्या अंदाजाने नॉक घेऊ नका.

आता नळीची तपासणी. ऊन असलेल्या खिडकीपाशी बसा आणि एकेक बाण घ्या. अकराही एकदम पसरून बसू नका, नजर ढिली पडते.

पहिलं काम कापसाचं. कापसाचा एक बोळा चिमटीत धरून नळीवर टोकापासून शेपटापर्यंत हळू ओढा, मग बाण पाव वळसा फिरवून पुन्हा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे थांबा. तो ओरखडा असेल, खडबडीत झालेला रंग असेल, नाहीतर चीर असेल. डोळ्याला न दिसणारी चीर मला कापसाने अनेकदा दाखवली आहे. सगळ्यांत जास्त लक्ष पुढच्या चार बोटांवर द्या. तिथे नळीच्या आत इन्सर्ट चिकटवलेला असतो, म्हणजे ज्यात टोकाचा स्क्रू बसतो तो धातूचा तुकडा. तो जिथे संपतो तिथे भरीव भाग संपून पोकळ नळी सुरू होते. बाण दगडावर, खुंटावर, हाडावर आदळतो तेव्हा नळी बरोबर त्या जागी मोडू पाहते. शिकारी बाणाच्या आयुष्यातला सगळा मार तिथे साठलेला असतो. तिथला बारीक बाकसुद्धा मी माफ करत नाही, आणि नळीची पुढची कड फुलासारखी उमललेली किंवा चिरलेली दिसली तर तो बाण बाद.

दुसरं, पोचे. एका बाणाने दुसऱ्याला टार्गेटमध्ये घासून मारलं की नळीवर खळगा पडतो. बोटाचं पेर हळू फिरवलं की कळतो. उथळ, गोलसर आणि रंगही न उडालेला पोचा सरावाच्या बाणावर मी चालवून घेतो. काठ धारदार असलेला, नखाला अडकणारा पोचा नाही. आणि दोन पोचे एकमेकांसमोर असतील तर ती नळी तिथे चिमटलेली आहे, मग ते कितीही उथळ असले तरी बाण टाकून द्यायचा.

तिसरं, सरळपणा. घरच्या घरी बघायची जुनी रीत नखांची आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांची नखं जुळवून त्यांच्या खोबणीत नळी टेकवा आणि उजव्या हाताने जोरात फिरवा. सरळ बाण नखांवरून तेलासारखा सरकतो. वाकडा बाण थरथरतो, आणि ती थरथर नखांत स्पष्ट जाणवते. सवय झाली की डोळ्यांपेक्षा नखं जास्त खरं बोलतात. पण ब्रॉडहेड काढल्याशिवाय हे करू नका. पक्कं माप हवं असेल तर दोन रोलरांवर बाण ठेवून मध्ये डायल गेज लावा. एक्सएक्स७५ साठी ईस्टन ±०.००२ इंच सरळपणा सांगते. जुन्या, वापरलेल्या बाणाकडून मी तेवढं मागत नाही. बाण एक पूर्ण फेरी फिरताना काटा एकूण सहा हजारांश इंचाच्या आत राहिला तर तो ब्रॉडहेडच्या लायक, बाराच्या आत राहिला तर सरावाच्या. ही माझी हद्द आहे. तुमची थोडी सैल असली तरी बिघडत नाही, पण ब्रॉडहेडच्या बाबतीत सैल ठेवू नका. पुढे पातं आलं की वाकडा बाण स्वतःच सुकाणू फिरवायला लागतो.

कार्बनच्या बाणाला दोन्ही हातांनी लववून कडकड ऐकण्याची तपासणी असते. ती इथे करू नका. कार्बन लवून परत सरळ होतो, अ‍ॅल्युमिनियम जास्त लववलं तर तिथेच राहतं आणि चांगला बाण तुम्हीच वाकडा कराल. मला जुनं अ‍ॅल्युमिनियम आवडतं त्याचं हेही एक कारण आहे. कार्बनच्या आतली इजा बाहेरून दिसेलच असं नाही. अ‍ॅल्युमिनियमची बहुतेक दुखणी अंगावर दिसतात, बघणारा हवा.

चौथं, गंज. लोखंडासारखा तांबडा गंज इथे येत नाही, पांढरी भुकटी येते. नारिंगी रंग हा वरून फासलेला रंग नाही. अ‍ॅनोडाइझ करून धातूच्याच पृष्ठभागावर कडक थर तयार करतात आणि त्यात रंग मुरवतात. तो थर शाबूत आहे तोवर आतला धातू सुरक्षित असतो. ओरखड्याने तो फाटला, आणि त्यात ओल, घाम किंवा पुसायचं राहून गेलेलं रक्त गेलं की मीठ आपलं काम सुरू करतं. ७०७५ ताकदीला मोठं आहे, पण गंजाला साध्या अ‍ॅल्युमिनियमइतकं दाद न देणारं नाही. भुकटी ओल्या फडक्याने पुसा. खाली नुसता डाग निघाला तर हरकत नाही. टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे निघाले तर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ भिंतीतला किती भाग खाल्ला गेला असेल याचा विचार करा आणि बाण बाजूला ठेवा. पोलादी टोक आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकतात त्या सांध्यात हे सगळ्यांत लवकर होतं, त्यातही बाण ओल धरलेल्या फोमच्या भात्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवले असतील तर. तुमचे ब्रॉडहेड लावलेले तीन बाण म्हणूनच मी सगळ्यांत संशयाने बघेन.

नारिंगी रंग एका बाजूने फिका पडला असेल तर त्या बाजूने ऊन लागत होतं. धातूला त्याचं काही नाही, पण त्या बाणांचे व्हेन आणि डिंक तेवढेच जास्त वाळलेले असतात.

वाकडे बाण सरळ करता येतात का? येतात, आणि हा अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गुण आहे. त्यासाठी दोन रोलर, मध्ये दाबायची मूठ आणि डायल असं यंत्र असतं. बाकाची सगळ्यांत उंच जागा शोधायची, ती वर आणायची, किंचित दाबायची, सोडायची, मोजायची. घाई केली की बाक पलीकडे जातो. लांबवर पसरलेला, मधोमध दोनेक मिलिमीटरपर्यंतचा बाक मी सरळ करतो. एकाच जागी मोडल्यासारखा कोन पडला असेल तर हात लावत नाही. तिथला धातू एकदा ताणला गेलेला आहे, उलट दाबला की दुसऱ्यांदा ताणला जातो. तार पुढेमागे वाकवून आपण कशी तोडतो ते आठवा. अ‍ॅल्युमिनियमला प्रत्येक ताणाची नोंद राहते. पोलादात एका मर्यादेखालचे ताण कितीही वेळा दिले तरी चालतात, अ‍ॅल्युमिनियमला तशी खात्रीची मर्यादा नाही. म्हणून जो बाण त्याच जागी पुन्हा वाकतो तो मी दुसऱ्यांदा सरळ करत नाही. काकांनी कुठला बाण आधी सरळ केला होता ते तुम्हाला माहीत नाही, पण रोलरच्या दाबाने अ‍ॅनोडाइझवर उठलेला बारीक चमकदार पट्टा कधीकधी ते सांगतो.

टोकं आणि इन्सर्ट काढायचे असतील तर ज्योत नळीला लावू नका. हे कळकळीने सांगतोय, कारण चांगले बाण मी याच कारणाने वाया गेलेले बघितले आहेत. ७०७५ पक्का करताना कारखान्यात जे तापमान वापरतात ते साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या फार वर नळी गेली की तिची मिळवलेली ताकद उतरायला लागते आणि ती पुन्हा येत नाही. गॅसच्या ज्योतीवर हे काही सेकंदांत होतं आणि रंगावर कधी डागसुद्धा पडत नाही. माझी पद्धत उकळत्या पाण्याची आहे. पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, म्हणून नळी सुरक्षित राहते. बाणाची पुढची दोनतीन इंचं उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, मग टोक पक्कडीने धरून फिरवत ओढा. जुना हॉट-मेल्ट डिंक असेल तर तो ढिला पडतो. आतली हवा तापून फुगते, त्यामुळे इन्सर्ट कधीकधी स्वतःच फट्‌कन बाहेर येतो. तोंड त्या रेषेत ठेवू नका. एवढ्याने निघाला नाही तर तो इपॉक्सीने बसवलेला आहे. मग सैल नसेल तर राहू द्या. सैल आहे की नाही ते कळायला नळी बोटांत हलकी धरून टिचकी मारा. घट्ट असेल तर स्वच्छ आवाज येतो, सैल असेल तर बारीक झणझण ऐकू येते. पुन्हा बसवताना कमी तापमानाचा हॉट-मेल्ट वापरा, आणि इन्सर्ट स्क्रूने टोकाला जोडून टोक तापवा, नळी नाही.

व्हेन काढून टाका. जुने व्हेन कडक होतात, कडेने सुरकुततात आणि कुठलाही डिंक त्यांना भरवशाने धरत नाही. बोथट चाकूने मुळापासून सोला आणि उरलेला डिंक अ‍ॅसिटोनने पुसा. अ‍ॅनोडाइझला अ‍ॅसिटोन काही करत नाही, मात्र नळीवर रंगवलेले पट्टे किंवा छापलेली अक्षरं असतील तर तेवढी जागा वाचवा. तुमचं 'एक्सएक्स७५' पुसून गेलं तर वाईट वाटेल. रिकर्व्हवरून, विशेषतः बाण थेट शेल्फवर (धनुष्याच्या मुठीवरच्या कट्ट्यावर) टेकवून मारत असाल तर, नवे व्हेन लावण्यापेक्षा टर्कीची खरी पिसं लावा. पीस शेल्फला घासलं तर दबतं, व्हेन बाणाला बाजूला ढकलतो.

आता हे बाण तुमच्या धनुष्याला जमतात का? २११७ चं वजन इंचाला सुमारे १२ ग्रेन (बाण तोलायचं लहान एकक) आहे. बाण २९ इंचांचा धरला तर नळी ३४८ ग्रेन, त्यात १२५ ग्रेनचं टोक, इन्सर्ट, नॉक, पिसं मिळून ५३० ते ५४५ ग्रेन होतात, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. ५० पौंडाला हे पौंडामागे जवळजवळ ११ ग्रेन पडतं. रिकर्व्हसाठी हे उत्तम वजन आहे. बाण थोडा हळू जाईल, पण धनुष्य शांत राहील आणि लिम्बना आराम पडेल. हलक्या बाणांची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी सगळे बाण खाली लागतात, त्याने बिचकू नका.

कडकपणाचं मात्र बघावं लागेल. २९ इंचांवर २११७ पन्नास पौंडाला थोडा ताठ पडण्याची शक्यता आहे. तो बहुधा याहून जड धनुष्यासाठी घेतलेला असावा. दुरुस्त केलेल्या बाणांपैकी एक बिनपिसांचा ठेवा आणि जवळच्या अंतरावरून पिसांच्या बाणांबरोबर मारा. तुम्ही उजव्या हाताने ओढत असाल आणि उघडा बाण डावीकडे लागत असेल तर बाण ताठ आहे. नळी कापू नका, कापल्याने ती आणखी ताठ होईल. टोकाचं वजन १४५, मग १७५ ग्रेन असं वाढवत जा, बाण जास्त लवायला लागेल आणि गट जवळ येतील.

कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यावर हे शंकूवाले, डिंकाच्या नॉकचे बाण मारायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. तिथला धक्का वेगळा आहे आणि त्यासाठी बनवलेल्या नळ्या मिळतात.

तीन ब्रॉडहेडबद्दल. पहिली गोष्ट, त्यांना उघड्या बोटांनी हात लावू नका. बोथट वाटणारं गंजलेलं पातं कातडी फाडतं आणि ती जखम स्वच्छ नसते. ब्रॉडहेड फिरवायच्या पान्याने काढा. पात्यांवर वरवरचा गंज असेल तर ती घासून पुन्हा धारेला येतात. खोल खड्डे असतील तर प्राण्यावर वापरायची नाहीत, हे मी तत्त्व म्हणून पाळतो. जिथे परवान्याने शिकार होते तिथेही निम्म्या धारेच्या पात्याने जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुरून मरतं. जुन्या वस्तूचं प्रेम तिथे आणू नये.

तपासणीतून पार झालेले बाण तराजूवर ग्रेनमध्ये तोला आणि नॉकजवळ बारीक आकडे लिहा. पहिल्यांदा मारताना डोळ्यांना चष्मा आणि हाताला मनगटपट्टा लावा, धनुष्य पूर्ण ओढा, पण टार्गेट दहा पावलांवर आणि मऊ ठेवा. प्रत्येक बाण तीनदा मारा आणि तीनही वेळा काढल्यावर पुढच्या चार बोटांवरून कापूस फिरवा. एखाद्या नळीत चीर असेल तर बहुतेक वेळा ती पहिल्या काही माऱ्यांतच तोंड उघडते.

अकरांपैकी एखाददुसरा बाण बाद निघेलच. तो लगेच फेकू नका. बारीक दातांच्या करवतीने त्याचे टोकापासून एक इंच, चार इंच आणि मधोमध असे आडवे काप घ्या आणि आत बॅटरीचा उजेड पाडा. आतली बाजू तुम्हाला बाहेरून कधीच दिसली नसती, कारण शंकूने मागचं तोंड बंद केलेलं असतं. आतला धातू स्वच्छ, करडा चमकदार असेल तर एकाच भात्यात, एकाच ओलीत राहिलेल्या बाकीच्या बाणांबद्दल निर्धास्त व्हायला बराच आधार मिळतो. आत पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर उरलेल्या सगळ्यांचे इन्सर्ट काढून पुढच्या तोंडातून प्रत्येकात डोकावून बघा, आणि तोवर एकही दोरीला लावू नका.